फुकट पासाचं स्टेडियम

"बापू, ऐकलं का?"

जास्वंदीच्या कुंपणापलीकडून असा आवाज आला की समजायचं, अण्णांचा पेपर वाचून झालाय आणि आता पेपरात न आलेलं सुरू होणार. अण्णा उभी हयात शाळेत पी.टी.चे सर होते. निवृत्तीच्या दिवशी शिट्टी शाळेत जमा केली, आवाज मात्र घरी घेऊन आले.

"मागच्या मैदानावर स्टेडियम होतंय. गॅलरी, लायटी, खाली दुकानगाळे, सगळं."

"कुणी सांगितलं?"

"नकाशा बघितलेला माणूस भेटला की. चहाच्या गाड्यावर."

"त्यानं नकाशा कुठं बघितला?"

"तुम्ही बँकेतली माणसं! ते कशाला विचारायचं? गाळे किती निघणार ते विचारा. चाळीस!"

"आणि मैदान?"

"मैदानाचं काय, ते हाय की मधी."

मी झाडांना पाणी घालत होतो, तो नळ बंद केला. कोल्हापुरात स्टेडियमचं नाव निघालं की माणूस हातातलं काम टाकतोच. इथं फुटबॉलच्या मॅचला पेठाच्या पेठा उठून शाहू स्टेडियमवर जातात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस. संघांची नावं बहुतेक तालमींची, खेळ फुटबॉलचा. पुण्यामुंबईच्या पाहुण्याला हे समजावून सांगताना दम लागतो. तालमीचा आणि फुटबॉलचा काय संबंध, असं तो विचारतो. संबंध असा की पोरगं तालमीच्या कट्ट्यावर वाढतं, आणि जे खेळायचं ते तालमीच्या नावानंच खेळतं. एवढं सांगून आपण चहा मागवावा.

"अण्णा, मला एक सांगा. स्टेडियम बांधायची बुद्धी माणसाला होते कधी?"

अण्णांनी कुंपणाच्या खांबाला कोपर टेकलं. कोपर टेकलं म्हणजे पाऊण तासाची निश्चिंती.

"पास मिळाला नाही की."

"म्हणजे?"

"वानखेडे कशावरनं झालं सांगा की तुम्हीच. तुम्ही मुंबईला होता नव्हं?"

होतो खरा, आणि ती गोष्ट तिथं लोकलमध्ये उभ्याउभ्या ऐकलेली आहे. मुंबईचं मोठं क्रिकेट तेव्हा ब्रेबॉर्नवर व्हायचं. ब्रेबॉर्न हे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं घर, आणि सामने भरवायची जबाबदारी बॉम्बे क्रिकेट असोसिएशनची. म्हणजे लग्न एकाच्या घरचं आणि कार्यालय दुसऱ्याचं. तिकिटं कुणाला किती, यावरून दोघांची कायम धुसफूस. असोसिएशनचे अध्यक्ष होते शेषराव वानखेडे. मूळचे विदर्भातले, त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष. क्लबाच्या बाजूला विजय मर्चंट, एके काळचे थोर फलंदाज, शिस्तीचे आणि शब्दाला पक्के. काही तरुण आमदारांना मदतीसाठी एक सामना खेळायचा होता, म्हणून वानखेडे त्यांना घेऊन मर्चंटांकडे गेले. मर्चंटांनी मैदान द्यायला नकार दिला. शब्दानं शब्द वाढला, आणि वानखेडे 'आम्ही आमचं स्टेडियम बांधू' असं सांगून उठले, असं सांगतात.

"नुसत्या रागानं स्टेडियम होतं व्हय?" वहिनी पलीकडे वाळवणाला बसल्या होत्या, त्यांनी तिथूनच विचारलं. "आमच्याकडं रागानं माळ्यावरची ट्रंकसुद्धा खाली येत नाही."

"राग विधानसभेच्या अध्यक्षाचा होता, वहिनी."

"हां. मग येते ट्रंक."

आली की. मरीन ड्राइव्हजवळची, रुळांलगतची जागा, शशी प्रभू नावाचा तरुण वास्तुविशारद, आणि वर्ष-सव्वा वर्षाच्या घाईत उभं राहिलेलं काँक्रीट. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथं पहिला कसोटी सामना झालासुद्धा. क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ काढून त्या नव्या काँक्रीटचं उद्घाटन केलं. त्याचं अभिनंदन करायला एक पोरगा मैदानात धावला, पोलिसांनी त्याला बडवला, आणि चिडलेल्या लोकांनी नव्याकोऱ्या स्टेडियममध्ये जाळपोळ केली. सामना आपण हरलो. ब्रेबॉर्न वानखेडेपासून चालत दहा मिनिटांवर. १९७३ नंतर तिथं कसोटी झाली ती थेट २००९ साली, सेहवागनं २९३ काढले तेव्हा. एका नकाराची किंमत छत्तीस वर्षं.

"पण ब्रेबॉर्न तरी कशावरनं झालं?" अण्णांना सगळ्याचं मूळ लागतं. पोरानं गृहपाठ केला नाही तर त्याच्या आजोबापर्यंत जाणारे सर हे.

"ते पासावरून नव्हे. नावावरून."

मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न. क्लबाचे सचिव अँथनी डिमेलो. समुद्र हटवून काढलेली जागा सरकारच्या ताब्यात, आणि क्लबाला ती हवी. डिमेलोनं गव्हर्नरसाहेबांना सरळ विचारलं म्हणे, की सरकारसाठी आमच्याकडून पैसा घ्याल का स्वतःसाठी अमरत्व? गव्हर्नरसाहेब काही खुळे नव्हते. जागा मिळाली, सुमारे ९० हजार चौरस यार्ड, यार्डाला साडेतेरा रुपये दरानं. मे १९३६ मध्ये पायाभरणी, डिसेंबर १९३७ मध्ये उद्घाटन. मुंबईचे गव्हर्नर किती झाले आणि गेले, त्यांतला सामान्य माणसाच्या तोंडी राहिलेला एक हा. चर्चगेटला उतरून कुणालाही विचारा.

अण्णा खूश झाले. "म्हणजे पास नाहीतर पाटी. तिसरं कारण न्हाई."

"पुण्याचं गहुंजे घ्या," मी म्हटलं. आता मलाही चढली होती. "नेहरू स्टेडियम महापालिकेचं, सामने महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे. पुन्हा तिकिटांच्या वाटणीवरून वाजलं. शेवटी असोसिएशननं गावाबाहेर, एक्स्प्रेसवेच्या कडेला आपलं स्टेडियम बांधलं. २०१२ साली उद्घाटन. आराखडा विलायतेतला, मायकेल हॉपकिन्सच्या कचेरीचा."

"आणि त्याला सहाराचं नाव दिलं आणि मग काढलं."

"पैसे आले नाहीत, नाव उतरवलं."

"म्हणजे पाटीसुद्धा उधारीवर!" अण्णा इतक्या मोठ्यानं हसले की समोरच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसलं.

नेहरू स्टेडियमबद्दल मात्र मला उगाच माया आहे. २९ फेब्रुवारी १९९६, विश्वचषक. केनियासारख्या हौशी पोरांच्या संघानं १६६ धावा केल्या आणि वेस्ट इंडीजला ९३ वर गुंडाळलं. ज्या मैदानाच्या तिकिटांवरून पुढं एवढी भांडणं झाली, त्या मैदानावर त्या दिवशी तिकिटाला भाव नव्हता, असं तिथं बसलेला माझा मावसभाऊ सांगतो. तो खरं सांगतो का बढाई मारतो, कोण जाणे. त्या सामन्याला हजर होतो म्हणणारे आता पुण्यात इतके झालेत की ते सगळे खरंच गेले असते तर स्टेडियम पुरलं नसतं.

वहिनी उठून कुंपणाशी आल्या. हाताला सांडग्याचं पीठ होतं.

"मी एक विचारतो, भाऊजी. एवढी सगळी स्टेडियमं सांगितलीसा. त्यातलं खेळणाऱ्या पोरांनी मागितलं म्हणून झालेलं कुठलं?"

आम्ही दोघं गप्प. खरं तर उत्तर समोरच होतं, पण ते पोरांनी मागितलेलं नव्हतं, राजानं दिलेलं होतं.

"खासबाग," अण्णा म्हणाले.

खासबागचा विषय निघाला की अण्णांचा आवाज शाळेतला होतो. शाहू महाराज १९०२ साली एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात रोमचं ते जुनं प्रेक्षागार पाहिलं. बाकीचे संस्थानिक परदेशातून झुंबरं आणि मोटारी आणत, यांनी मनात एक आखाडा आणला. १९०७ च्या सुमाराला काम निघालं आणि १९१२ साली मैदान खुलं झालं. पहिली मोठी जोड गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची.

"पण ते मैदान बघायचं असतं ते कुस्ती नसताना," अण्णा म्हणाले. "बापू, तुम्ही कधी मोकळ्या खासबागेत एकटं बसलाय? बसा. मधी हौदा, आणि चहूबाजूनं माती वर वर चढवत नेलीया. वाडगा असतो तसा. खांब न्हाई, छप्पर न्हाई, पुढच्याचं डोकं आड येत न्हाई. शेवटच्या माणसाला पैलवानाच्या पाठीवरची माती दिसते. कुणी कुठला डाव टाकला हे वरच्या टोकाचं पोरगंसुद्धा सांगतं. आता इंजिनियर मला सांगतोय, गॅलरीला साइटलाइन काढायला कॉम्प्युटर लागतो!"

"कॉम्प्युटर लागतोच की अण्णा."

"लागू दे. पण महाराजांनी बिनकॉम्प्युटरची साइटलाइन काढली का न्हाई?"

काढली, आणि पुरं शतकभर पुरवली. हलगी सुरू झाली, पैलवान लंगोट कसून हौद्यात उतरला, मूठभर माती उचलून कपाळाला लावली, की हजारोंच्या गर्दीत एक सुस्कारा फिरतो. तो सुस्कारा खालून वर जाताना ऐकू येतो, कारण मैदानाची घडणच तशी. हौद्यातली माती काही साधी नाही. तांबडी माती चाळून तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल, कापूर असलं काय काय मिसळतात, ती तुडवून तुडवून मऊ करतात, आणि रोज खणतात. रोज. न खणलेला हौदा दोन दिवसांत फरशी होतो. मोतीबाग असो, गंगावेस असो, तालमीत पहाटे पोरांचा पहिला व्यायाम म्हणजे हातात फावडं. कुस्ती नंतर.

आणि महाराजांचं अजून एक बघण्यासारखं आहे. खासबागेच्या भिंतीला भिंत लावून त्यांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं केलं, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. इकडं शड्डू, तिकडं तान. एकाच आवारात गावानं दोन्ही बघावं. ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्या रात्री अर्धं कोल्हापूर रस्त्यावर उभं होतं. कुणी नट नव्हतं, कुणी गायक नव्हतं. नुसती माणसं, जळणाऱ्या कौलांकडे बघत रडणारी. गावाचं असणं म्हणतात ते हे.

"बरं, ते राहू द्या," वहिनी म्हणाल्या. त्यांना जास्त वेळ हळवं राहणं जमत नाही. "मागच्या मैदानात काय काय बसवणार म्हणालासा?"

अण्णांनी बोटं मोजली. चारशे मीटरचा ट्रॅक, मधी क्रिकेट, क्रिकेटच्या मधी फुटबॉल, कडेला बॅडमिंटनचा हॉल, पोहायचा तलाव, आणि चाळीस गाळे.

"अण्णा, तुम्ही सर होता ना? मापं सांगा."

मग अण्णांनी मापं सांगितली, आणि नकाशाची हवा निघाली. आठ पदरी चारशे मीटरचा ट्रॅक घातला की लांबी सुमारे १७७ मीटर आणि रुंदी ९३ मीटर लागते. म्हणजे नुसत्या ट्रॅकलाच चार एकरांची चौकट लागली. आमचं मागचं मैदान सगळं मिळून अडीच एकरसुद्धा भरत नाही. गॅलरीच्या एकेका पायरीला पाऊण मीटर तरी हवं, दहा पायऱ्या धरल्या तर एका बाजूनं साडेसात मीटर जागा गेली. दोन्ही बाजूंनी गॅलरी, बाहेरच्या अंगाला गाळे, गाळ्यांपुढं पार्किंग. आज संध्याकाळी जिथं टेनिस बॉलचे चार सामने एकमेकांच्या अंगावरून चालतात, शिवाय कडेला आजोबा लोक फेऱ्या मारतात, तिथं उद्या वीस माणसं खेळणार आणि पाच हजार माणसांची बसायची सोय होणार.

"आणि दिशा?" अण्णा पुढं झाले. "मैदान उत्तर-दक्षिण धरावं लागतं. न्हाईतर संध्याकाळी बॅट्समनच्या डोळ्यात ऊन, न्हाईतर गोलकीपरच्या. आपलं मैदान पूर्व-पश्चिम आडवं. रस्त्याला तोंड करायचं म्हणून हे लोक गॅलरी पश्चिमेला घेणार."

"रस्त्याला तोंड कशाला?"

"गाळ्यास्नी गिऱ्हाईक नको?"

असल्या नकाशावरचा 'बहुउद्देशीय' हा शब्द मी जरा घाबरूनच वाचतो. क्रिकेटची खेळपट्टी मधोमध पाहिजे आणि तिच्यावर फुटबॉलवाल्यांनी बुटांचे खिळे घालून धावायचं, हे दोघांनाही नको असतं. ट्रॅक बाहेरून, त्यामुळं फुटबॉलचा प्रेक्षक खेळापासून लांब. आणि सिंथेटिक ट्रॅक ही मोठी नाजूक वस्तू, वर जेमतेम १३ मिलिमीटरचा थर. त्यावर जड वाहन चढवायचं नसतं. बालेवाडीसारख्या ठिकाणी, जिथं १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या आणि २००८ ची युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाली, तिथंसुद्धा २०२१ मध्ये पुढाऱ्यांच्या गाड्या धावपट्टीवर उभ्या असल्याचे फोटो सगळीकडं फिरले आणि क्रीडा खात्याला दिलगिरी व्यक्त करावी लागली. तिथं ही तऱ्हा, तर आमच्या मैदानात गणपतीच्या मांडवाचे खांब आधी रोवणार आणि परवानगी मागाहून मागणार.

पैशाचं काय, हा माझा विषय. शासनानं तालुका क्रीडा संकुलाचं अनुदान एक कोटीवरून पाच कोटी केलं, जिल्ह्याचं आठवरून पंचवीस, विभागाचं चोविसवरून पन्नास. चांगलं केलं. पण मी बँकेत कर्जाच्या फायली पाहिल्यात. ट्रॅक्टर घेणारा शेतकरी ट्रॅक्टरचा हप्ता सांगतो, डिझेलचा खर्च सांगत नाही, आणि डिझेलवरच बुडतो. संकुलाचंही तेच. बांधायला पैसा येतो, फीत कापायला माणूस येतो, पण माळी कुणाच्या पगारपत्रकावर? बोअरचं लाइट बिल कुठल्या खात्यातून? रोलर ओढायला कोण?

एका गावचं संकुल मी पाहिलं आहे. नाव कशाला घ्या. गॅलरीचे पत्रे वादळात गेले ते गेलेच. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये निवडणुकीच्या पेट्या ठेवल्या होत्या म्हणून कुलूप होतं, निवडणूक होऊन वर्ष उलटलं होतं. मैदानात गुडघाभर गवत, आणि बाहेरचे गाळे मात्र दिमाखात: मोबाइल, झेरॉक्स, ज्यूस सेंटर, एक फर्निचरवाला. फर्निचरवाला बिचारा भला माणूस. त्यानंच मला मैदानाचं गेट दाखवलं, त्याच्या सोफ्यांच्या मागं होतं.

"आणि आमच्या नातीचं ऐका," वहिनी म्हणाल्या.

नात खो-खो खेळते. सातवीत आहे, पण खांब मारून अशी वळते की बघणाऱ्याची मान मोडते. मागच्या मैदानाच्या कोपऱ्यात एक स्वच्छतागृह आहे. बांधून झालंय, टाइल्स आहेत, पाटीही आहे. किल्ली वॉचमनकडे. वॉचमनची ड्यूटी दुसऱ्याच ठिकाणी लावलीय. तेव्हा नात आणि तिच्याबरोबरच्या सातआठ जणी सरावातून मधेच गल्ली ओलांडून वहिनींच्या घरी येतात. चपला दारात, एकीमागून एक आत, येताना प्रत्येकजण "आज्जी, पाणी" म्हणणार. वहिनी त्यांच्यासाठी माठ बाहेर ओट्यावर ठेवतात. पावसाळ्यात पोरींच्या पायाला माती लागते म्हणून बाथरूमच्या दारात पोत्याचा तुकडा अंथरतात. ज्यांची घरं लांब आहेत अशा दोघी यायच्या बंद झाल्या, कारण त्यांच्या आयांना हे असं कुणाच्या घरी जाणं पटलं नाही.

"आता मला सांगा," वहिनी म्हणाल्या, "पाच कोटींत एक किल्ली बसत न्हाई व्हय?"

अण्णा काही बोलले नाहीत. पी.टी.च्या सरांना याचं उत्तर माहीत असतं, म्हणूनच ते बोलत नाहीत.

मग मी खाशाबांचा विषय काढला, उगीच हवा बदलायला. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला जायला पैलवान खाशाबा जाधवांकडं पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. बाकी वर्गणी लोकांनी केली. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी तिथून कांस्यपदक घेऊन आला, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पुढं २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीत कुस्तीच्या एका स्टेडियमला त्यांचं नाव दिलं. ते पाहायला खाशाबा नव्हते, १९८४ मध्येच गेले.

"बघा," अण्णा म्हणाले, "घर गहाण टाकणाऱ्यानं पाटी मागितली न्हाई."

"आता पाटीपासनंच सुरुवात होते," वहिनी म्हणाल्या. "नाव कुणाचं द्यायचं यावरनं दोन गट पडलेत म्हणं. स्टेडियम अजून कागदावर न्हाई आलं."

हे वहिनींना ठाऊक होतं आणि अण्णांना नव्हतं! बातमीच्या बाबतीत सांडग्याचं पीठ पेपरच्या नेहमी दोन पावलं पुढं असतं.

मी अगदी स्टेडियमविरोधी नाही, गैरसमज नको. आमच्याच कोल्हापूरच्या डी. वाय. पाटलांच्या नावाचं स्टेडियम नव्या मुंबईत आहे, छताला मध्ये एक खांब नाही, आणि तिथं २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या पोरींनी विश्वचषक जिंकला तेव्हा अण्णांनी फटाक्यांची माळ लावून अर्धी जास्वंद भाजली होती. सांगलीची स्मृती मानधना सलामीला आली तेव्हा तर वहिनी टीव्हीसमोर उभ्याच. मोठी स्टेडियमं हवीत. पण ती मोठ्या सामन्यांसाठी. गल्लीमागच्या अडीच एकराला पाच हजार प्रेक्षक नको असतात, त्याला दोनशे खेळाडू हवे असतात. मुंबईत शिवाजी पार्क आहे. पालिकेनं १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं केलं, १९२७ मध्ये शिवरायांच्या जन्माच्या त्रिशताब्दीला त्याला महाराजांचं नाव मिळालं. गॅलरी नाही, गाळे नाहीत, कडेनं नुसता कट्टा. त्या कट्ट्यानं मुंबईला किती क्रिकेटपटू दिले ते मोजायला बसलो तर वहिनींचं वाळवण उतरवायची वेळ होईल. माझं मत विचाराल तर आमच्या मैदानाला असाच एक कट्टा पुरे, आणि एक पगारी माळी.

अण्णांना हे पटलं नाही. त्यांना निदान एका बाजूला चार पायऱ्या हव्यातच. पोरांच्या आईबापांनी कुठं बसायचं, म्हणतात. चार पायऱ्यांवर आमची तडजोड झाली. गाळ्यांवर मात्र आम्ही तिघंही एकमतानं नाही म्हणालो, आणि आमच्या कुंपणावर एकमत होण्याची ही दुर्मीळ वेळ.

तुमच्याही गावात असा नकाशा चहाच्या गाड्यावर फिरत असेल तर एक करा. महापालिकेच्या नाहीतर नगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन त्या जागेचं विकास आराखड्यातलं आरक्षण विचारा. 'खेळाचे मैदान' असं आरक्षण असेल आणि ते बदलायचा घाट असेल, तर त्यांना हरकती व सूचना मागवाव्याच लागतात, त्यासाठी महिनाभराची मुदत असते. त्या मुदतीत अर्ज द्या. साध्या कागदावर चालतो. मैदान किती उरणार, माळी कोण नेमणार, स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे राहणार, हे तीन प्रश्न लेखी विचारा. आणि आवक विभागातून शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.